सह्या माझ्या, तारखा त्यांच्या

प्रश्न
(पत्रलेखिकेची ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा सारांश देत आहे.)

पक्षाघातानंतर आई चौदा महिने अंथरुणाला खिळलेली होती. माझ्या बालमैत्रिणीचे यजमान फिजिओथेरपिस्ट. घरी जाऊन उपचार देणारी त्यांची स्वतःची संस्था आहे. दर आठवड्याला एकदा ते स्वतः यायचे. आईचे हातपाय हलवून घ्यायचे, तिचं अडखळतं बोलणं न कंटाळता ऐकायचे. आई त्यांना गमतीनं ‘जावईबापू’ म्हणायची. खर्च आरोग्य विम्यातून भागत होता. महिनाअखेरीला ते व्हिजिट शीट आणायचे. सुरुवातीला आई थरथरत्या हातानं सही करायची, पुढे मी करू लागले. तारखेचे आणि वेळेचे रकाने कोरे असायचे. ‘तारखा ऑफिसात भरतील, तुम्ही नुसत्या सह्या करा,’ म्हणायचे. एकदा विमा कंपनीकडून आलेल्या कागदावर महिन्याच्या बारा भेटी दिसल्या. झाल्या होत्या चार. विचारलं तर म्हणाले, ‘कारकुनानं घोळ घातला असेल. तुमच्या खिशातून थोडंच जातंय?’ मी विषय सोडला.

आईला जाऊन दीड वर्ष झालं. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अटक झाली. अनेक रुग्णांच्या नावावर न झालेल्या उपचारांची बिलं लावल्याचा आरोप आहे. तपास अधिकारी म्हणतात, आईच्या नावावर ती गेल्यानंतरही पाच आठवडे भेटी दाखवल्यात. मला जबाबाला बोलावलंय. नवरा म्हणतो, कोऱ्या सह्यांचं तोंडातून काढू नकोस, तूही अडकशील. मैत्रीण म्हणते, यांच्या चांगल्या वागणुकीबद्दल दोन ओळी लिहून दे. मी स्वतः हिशेबनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासते आणि माझ्याच घरात हे. मला माणसं ओळखता येत नाहीत का? आणि आईचा हात हातात घेऊन बसणारा तो माणूस खोटा होता का?

उत्तर

तुमच्या पत्राचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे हे कळतंय. पण सुरुवात तुमच्या यजमानांच्या सल्ल्यापासून करते, कारण जबाबाला तारीख आहे आणि बाकीच्या प्रश्नांना नाही.

कोऱ्या सह्यांबद्दल गप्प बसू नका. यजमान काळजीपोटी बोलतायत, पण त्यांचा हिशेब उलटा आहे. त्या शीट आज तपासवाल्यांच्या टेबलावर आहेत. त्यांवर सही तुमची आहे आणि तिच्या शेजारी बारा तारखा आहेत. तुम्ही काही बोलला नाहीत, तर तो कागद तुमच्या वतीनं बोलणार: ‘या बाईंनी बारा भेटी झाल्याचं लिहून दिलंय.’ तुम्ही सही केली तेव्हा रकाने कोरे होते, हे सांगणारं जगात दुसरं कोणी नाही. आई नाही, आणि ते स्वतः सांगतील असं वाटत नाही. म्हणजे जी गोष्ट लपवायचा सल्ला मिळतोय, त्याच गोष्टीनं तुम्ही त्या तारखांपासून वेगळ्या होता. शिवाय आधी लपवलेलं पुढे उघड झालं, तर निष्काळजीपणाला संगनमताचा वास यायला लागतो.

मात्र एकट्या जाऊ नका. जाण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाबरोबर तासभर बसा. कायदे जागोजागी वेगळे असतात. तुमच्यासारख्या सहीकडे तुमच्या इथे कसं पाहतात, हे तोच सांगेल. वकील स्वतः शोधलेला हवा. मैत्रिणीनं सुचवलेला नको, मग तो कितीही नावाजलेला असो. वकिलाकडे जाण्यापूर्वी एका वहीत आठवेल तसं लिहून काढा: ते कोणत्या वारी यायचे, साधारण किती वाजता, सही आई करायची ते कधी थांबलं, बारा भेटींचा तो कागद कोणत्या सुमारास आला, तुम्ही काय विचारलंत, ते काय म्हणाले. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. रिकामी जागा अंदाजानं भरायची खोड हिशेबनिसाला नसते, तरी सांगून ठेवते. मूळ कागदांना हात लावू नका. खुणा नकोत, समासात टिपण नको, पेन्सिलीनंसुद्धा नको. मोबाइलमधले जुने मेसेजही पुसू नका, त्यांत तुम्हाला अवघडवणारं काही असलं तरी.

आणखी एक. अशा प्रकरणाची बातमी फुटली की त्यातल्या रुग्णांच्या घरी दुसऱ्याच भामट्यांचे फोन सुरू होतात: ‘तपास पथकातून बोलतोय, खात्याचा तपशील सांगा, परतावा मिळेल.’ फोनवर काही सांगू नका. ज्या कचेरीचं बोलावणं आलंय, तिचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा.

आता ‘तुमच्या खिशातून थोडंच जातंय’ या वाक्याकडे येते. तुम्हाला ते त्या दिवशी पटलं, आणि पत्राचा सूर पाहता अजूनही अर्धवट पटलेलं आहे. आईला इजा झाली नाही, पैसे गेले ते कंपनीचे, असं तुम्ही कुठेतरी धरून चालला आहात. जरा तपासून पाहू. विम्याला वार्षिक मर्यादा असते आणि घरच्या उपचारांना बहुधा भेटींची वेगळी मर्यादा असते. न झालेल्या आठ भेटी त्या मर्यादेतूनच जातात. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ‘आता भेटी संपल्या’ असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? आठवून पाहा. सांगितलं असेल, तर आईच्या वाट्याचे उपचार तिच्याच नावावर आधी खर्ची पडले होते.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. जादा भेटी मंजूर व्हायच्या तर त्यांना वैद्यकीय कारण दाखवावं लागतं. मग कागदावर आजार वाढतो. रुग्णाला नसलेली व्याधी नोंदली जाते, असलेली जास्त गंभीर दाखवली जाते. बिलाचे पैसे पुढेमागे वसूल होतीलही. ती नोंद मात्र फाइलमध्ये राहते आणि पुढचा डॉक्टर ती खरी मानून औषध लिहितो. आई आता नाही. पण उद्या तुम्हाला कोणी विचारेल, ‘आईला काय काय होतं?’ तेव्हा उत्तर खऱ्या आजारांचं हवं, बिलापुरत्या जन्मलेल्या आजारांचं नको. म्हणून विमा कंपनीकडे आईच्या सगळ्या दाव्यांच्या नोंदी लेखी मागा, निदानांसकट. वारस म्हणून कोणती कागदपत्रं जोडायची ते वकील सांगेल. तुमच्यासारख्याच परिस्थितीत असलेल्या ज्यांचा रुग्ण अजून हयात आहे, त्यांनी तर हे काम याच आठवड्यात करावं आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्याचा अर्ज द्यावा.

तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून थोडं आतलं सांगते. न झालेल्या भेटीचं बिल हा या धंद्यातला सगळ्यात साधा प्रकार. त्याच्या वर अपकोडिंग: पंधरा मिनिटांच्या साध्या तपासणीला दीर्घ, गुंतागुंतीच्या तपासणीचा कोड लावायचा. मग एकत्र लावायच्या चाचण्या सुट्या करून प्रत्येकीचं वेगळं बिल. हे इतकी वर्षं कसं खपतं? पूर्वी ब्रिटिश पोलिसांत असलेले आणि नंतर हार्वर्डमध्ये शिकवणारे माल्कम स्पॅरो यांनी यावर बराच अभ्यास केलाय. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की दावे तपासणारी यंत्रणा बिल नीट भरलंय का ते पाहते. उपचार झाला का, हे ती सहसा विचारतच नाही. कोड बरोबर, रकाने भरलेले, सही जागेवर, की पैसे सुटतात. सरळ माणूस धांदलीत एखादा रकाना चुकवतो आणि त्याचा दावा अडकतो. लबाडाचा कागद निर्मळ असतो. तुमच्या सह्या नेमक्या यासाठीच हव्या होत्या.

कागदावरची प्रत्येक विसंगती म्हणजे चोरी असं मात्र समजू नका. मेलेल्या माणसाच्या नावावर बिल हे ऐकायला भयंकर वाटतं. 2023 मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारत योजनेवर अहवाल दिला. डेटाबेसमध्ये मृत नोंदलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी पैसे दिल्याचं त्यात निघालं, आणि सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर: दहा वेळा नऊ. सरकारी यंत्रणेनं मृतांच्या नोंदींबद्दल खुलासा केला की पूर्वमंजुरीची विनंती तीन दिवस उशिरा टाकायची मुभा होती, त्यामुळे काही नोंदी मृत्यूनंतरच्या दिसतात. सगळा आकडा यानं सुटतो की नाही हा वेगळा विषय. पण उपचाराची तारीख आणि नोंदीची तारीख यांत फरक पडू शकतो, हे खरंच आहे. आईच्या बाबतीतही तपासवाल्यांना नेमकं विचारा: त्या पाच आठवड्यांत बिल गेलं, की भेट झाल्याची तारीख लिहिली गेली? पहिल्याला दफ्तरदिरंगाई म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं ते न्यायालय ठरवेल, आणि ते ठरेपर्यंत मैत्रिणीचे यजमान आरोपी आहेत, गुन्हेगार नव्हेत. मीही हे उत्तर तेवढंच धरून लिहितेय.

चूक की लबाडी, हे ओळखण्याची एक जुनी खूण तुमच्याच व्यवसायात आहे. खऱ्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. कधी चारच्या पाच भेटी लागतात, कधी चारच्या तीन. सगळ्या चुका एकाच्याच फायद्याच्या निघू लागल्या की तो कारकून राहत नाही. तुमच्याकडे चौदा महिन्यांचे कागद असतील तर एकदा शांतपणे हे पाहा.

आता ‘मला माणसं ओळखता येत नाहीत’. बाई, कोणालाच येत नाहीत. हे मी समजुतीखातर म्हणत नाही. माणसं दुसऱ्याचं खोटं किती पकडतात यावर झालेले शेकडो प्रयोग चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एकत्र मांडले. 24 हजारांहून अधिक लोकांचे निवाडे त्यात होते. बरोबर निघाले सरासरी 54 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते. खोटं पकडणं हेच ज्यांचं काम आहे, असे लोकही यात सर्वसामान्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे चूक तुमच्या नजरेची नाही. तुम्ही नजर चेहऱ्यावर ठेवलीत, आणि चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फरीद फाता या कर्करोगतज्ज्ञाचं प्रकरण पाहा. रुग्णांचा त्याच्यावर विश्वास होता. गरज नसलेल्यांना, काहींना तर कर्करोग नसतानाही, तो केमोथेरपी देत होता आणि बिलं लावत होता. 2015 मध्ये त्याला 45 वर्षांची शिक्षा झाली. तोवर 553 रुग्ण मोजले गेले होते. त्याचं बिंग 2013 मध्ये फुटलं ते असं. पाय मोडून रुग्णालयात आलेल्या एका रुग्णाला त्याच्याच हाताखालचा दुसरा डॉक्टर तपासायला गेला. त्यानं तिची फाइल उघडली, तर कर्करोगाचा पुरावाच नव्हता. त्यानं व्यवस्थापकाला सांगितलं, व्यवस्थापकानं तपास यंत्रणेला. पण त्याच्याही तीन वर्षं आधी, 2010 मध्ये, नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेली एक परिचारिका तिथे थोडा वेळ उभी राहिली होती. औषध कसं दिलं जातंय हे पाहूनच तिनं नोकरी नको म्हटलं आणि सरकारकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी उत्तर आलं: गैर काही आढळलं नाही. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसणाऱ्यांना न दिसलेलं तिला काही वेळात दिसलं, कारण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती सलाइनच्या नळीकडे बघत होती.

इंग्लंडमधला हॅरॉल्ड शिपमन याहून भयानक, आणि त्याची तुलना तुमच्या परिचितांशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. घरी येऊन तपासणारा, लोकांचा आवडता डॉक्टर. 2000 च्या जानेवारीत पंधरा खुनांबद्दल दोषी ठरला. पुढे चौकशी समितीनं 215 बळी मोजले. 1998 च्या वसंतात शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं शंका घेतली होती, ती त्याच्या स्वभावावरून नव्हे. शिपमनकडून दुसऱ्या डॉक्टरच्या सहीसाठी येणारे, त्याच्या मृत रुग्णांच्या दहनाचे फॉर्म जरा जास्तच होतायत, एवढ्यावरून. पोलिसांनी वरवर पाहून प्रकरण मिटवलं. अखेर तो अडकला एका रुग्णाच्या नावानं टाइप केलेल्या बनावट मृत्युपत्रात. त्यानं संगणकावर मागच्या तारखा घालून रुग्णांचे आजार लिहिले होते, पण ती ओळ खरोखर कधी टंकली गेली याची वेळ संगणकानं आपल्यापाशी ठेवली होती. म्हणून म्हणते, तुमच्या हातात आलेला बारा भेटींचा तो कागद हीच तुमची ‘ओळख’ होती. तुम्ही तो वाचलात, विसंगती पकडलीत, प्रश्नही विचारलात. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करता करता एवढं करणाऱ्या बाईनं स्वतःला आंधळी म्हणून घेऊ नये. चुकलं ते एकच: उत्तर ज्याच्याकडून घ्यायचं नव्हतं, त्याच्याकडून घेतलंत.

यात मी तुमच्यापेक्षा शहाणी नाही. काही वर्षांपूर्वी माझी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर बिल चाळत होते, तर तिसऱ्या पानावर एका तज्ज्ञाची ‘राउंड’ लावलेली. तारीख अशी, की त्या दिवशी मी माझ्याच बिछान्यात होते. दुसऱ्या दिवशी तावातावानं गेले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता ती ओळ काढली, ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणाली आणि नवीन प्रत दिली. आणि मी चक्क तिचे आभार मानले! माझ्या मागे रांगेत पाच-सहा जण उभे होते, हातात तशीच जाडजूड बिलं. त्यांच्या तिसऱ्या पानावर काय होतं हे विचारायचं मला पार्किंगमध्ये पोहोचल्यावर सुचलं. परत फिरले नाही. ती चूक होती की सवय, मला आजही माहीत नाही.

एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञानं 1939 मध्ये एका भाषणात ‘व्हाइट कॉलर क्राइम’, म्हणजे पांढरपेशांचा गुन्हा, हा शब्द चलनात आणला. त्यात त्यानं वैद्यकीय पेशाचं उदाहरण घेतलं: अपघाताचे खोटे अहवाल, अनावश्यक उपचार, रुग्ण पाठवल्याबद्दलची वाटणी. आणि हाच पेशा का घेतला, तर बहुधा इतर काही पेशांपेक्षा यात गुन्हेगारी कमीच असेल म्हणून! त्याचं म्हणणं होतं की गुन्हा हा गरिबीच्या किंवा बिघडलेल्या डोक्याच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. आपण अजूनही तेच करतो. गुन्हेगार म्हणजे रात्री भेटणारा, अनोळखी, डोळ्यांत वेगळंच काही असणारा. शीटचा गठ्ठा काखेत घेऊन येणारा, चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवणारा माणूस त्या चित्रात बसत नाही.

म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न. आईचा हात धरणारा खोटा होता का?

तुम्ही धरून चाललाय की दोघांपैकी एकच खरा असणार: एक तर प्रेमळ माणूस, किंवा चोर. मग चोरी सिद्ध झाली तर चौदा महिन्यांची सगळी माया मुखवटा ठरते, आणि आईचे शेवटचे दिवस मागे जाऊन नासतात. मला हे गणितच मान्य नाही. विश्वासाच्या जागेवर बसून पैसे खाल्लेल्या कैद्यांशी डोनाल्ड क्रेसी या अभ्यासकानं तुरुंगात जाऊन दीर्घ मुलाखती केल्या. त्याचं काम 1953 मध्ये प्रसिद्ध झालं. ही माणसं मुळात लबाड म्हणून तिथे बसली नव्हती. कोणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी, आणि स्वतःला सांगायला एक वाक्य, एवढ्यावर त्यांनी हात घातला होता. ते वाक्य तुम्ही ऐकलंय. ‘तुमच्या खिशातून थोडंच जातंय’ हे ते तुम्हाला सांगत होते. माझा अंदाज असा, की त्याआधी कितीतरी वेळा ते त्यांनी स्वतःला ऐकवलं असेल. असा माणूस आठवड्यातून एकदा मनापासून एका म्हातारीचा हात चोळू शकतो आणि त्याच संध्याकाळी तिच्या नावावर दोन खोट्या तारखा टाकू शकतो. कदाचित पहिलं केल्यामुळेच दुसरं त्याला सोपं जात असेल: ‘मी एवढं करतो यांच्यासाठी.’

आणि माया थोडी हिशेबी असेलही. कोण सांगणार? पण आईच्या बोटांना ती महिन्याला चार वेळा मिळाली होती, बारा वेळा नव्हे, आणि त्या चार खऱ्या होत्या. त्या तशाच राहू द्या. क्षमा करायची की संतापायचं, हे जबाबाच्या तारखेपर्यंत ठरायलाच हवं असं नाही. ते दोन्ही आलटून पालटून येईल, एकाच दिवसात सुद्धा.

मैत्रिणीला पत्र देऊ नका. ‘चांगल्या वागणुकीचं’ पत्र वरवर निरुपद्रवी वाटतं, पण तुम्ही साक्षीदार आहात. तुमच्या सहीचा आणखी एक कागद, तुम्हाला पूर्ण माहीत नसलेल्या गोष्टीखाली, कोणाच्या तरी फाइलमध्ये जायला नको. ते आईशी मायेनं वागले हे खरं असेल तर जबाबात सांगा. विचारलं नाही तरी सांगा. तिथे त्याच्या शेजारी बारा भेटींचीही गोष्ट असेल, म्हणून ते पुरं खरं होईल. मैत्रिणीशी मैत्री तोडायची गरज मला दिसत नाही. तिचं आयुष्य तुमच्यापेक्षा जास्त उलटंपालटं झालंय, आणि तिला काय माहीत होतं हे तुम्हाला ठाऊक नाही. पण प्रकरणावर तिच्याशी अक्षर बोलू नका; साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघाला तर भोगावं तिला लागेल. हेच तिला सरळ सांगा: ‘यावर मी बोलणार नाही, तुझ्याही भल्यासाठी. बाकी काहीही असेल तर ये.’ रागावेल. रागावू द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आज कोणीतरी अंथरुणावर असेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. उशाशी एक वही ठेवा. कोण आलं, किती वाजता, किती वेळ थांबलं, काय केलं, एका ओळीत. संशय म्हणून नव्हे. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो, आणि येणाऱ्याला वही दिसते हेही वाईट नाही. सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं घाला, खालच्या रिकाम्या ओळींवर आडवी रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. रुग्णालयाचं बिल घेताना ‘पॅकेज’च्या एका आकड्यावर समाधान न मानता बाबवार बिल मागा आणि ते डिस्चार्जच्या कागदाशी जुळवा. विमा कंपनीचा कागद आला की आपण आधी रक्कम बघतो. आधी तारखा बघा, मग उपचाराचं नाव, रक्कम शेवटी. जुळत नसेल तर उपचार देणाऱ्याला लेखी विचारा, आरोप न करता: ‘या तारखांचा तपशील मिळेल का?’ आणि उत्तर कितीही गोड आलं तरी तोच प्रश्न विमा कंपनीलाही पाठवा. एवढी एक पायरी तुमच्याकडून राहिली, माझ्याकडूनही राहिली होती.

अशा संस्थांत नोकरी करणाऱ्यांचीही पत्रं मला येतात. त्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे: आत दिसलेली लबाडी उघड करायची का? अमेरिकेत सरकारला खोटी बिलं लावणाऱ्यांविरुद्ध 1863 पासून असलेल्या फॉल्स क्लेम्स कायद्यात सरकारच्या वतीनं दावा करणाऱ्या सामान्य माणसाला वसुलीतला 15 ते 30 टक्के वाटा मिळू शकतो, पण सगळीकडे अशी सोय नसते. त्यांनी राजीनामा देण्याआधी आणि कागद घरी आणण्याआधी वकील गाठावा. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. सुरुवातीच्या शीटवर आईच्या सह्या आहेत, थरथरत्या हाताच्या. त्या पुरावा म्हणून जातील आणि खटला संपेपर्यंत, कदाचित पुढेही, परत मिळणार नाहीत. तुमच्याकडे तिच्या हातच्या अशा किती सह्या उरल्यात मला माहीत नाही. तुमच्या वकिलाला तेवढं एक काम सांगून ठेवा: त्या पानांच्या रंगीत प्रतींसाठी अर्ज करायला.